आपत्तीनंतरचे किनारी पर्यटन : कोल्हापूर व सिंधुदुर्ग

चक्रीवादळ किंवा उधाणाने मासेमारी ठप्प झाल्यावर मच्छीमार कुटुंबांना पर्यटनातून मिळणारा आधार. कोल्हापूरला समुद्र नाही, तरी या विषयात त्याचे नाव येते, कारण सिंधुदुर्गातल्या मालवण, तारकर्ली, देवबागला येणारे बरेचसे गिऱ्हाईक घाटावरचे. शनिवारी गगनबावड्यावरून करूळ घाट, नाहीतर राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरायचा, सुरमईचे ताट, तिसऱ्या (शिंपल्या), सोलकढी हाणायची आणि रविवारी रात्री परत, हा कोल्हापूरकरांचा नेहमीचा बेत.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. न्याहारी-निवास योजनेमुळे किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. होडी फुटली, जाळी वाहून गेली की पंचनामा होऊन भरपाई हाती पडेपर्यंत चूल कशी पेटवायची, हा खरा प्रश्न असतो. खोलीचे भाडे आणि जेवणाचे पैसे त्याच दिवशी रोख मिळतात. शिवाय रांधणे घरातल्या बायकांकडे असल्याने होडी किनाऱ्यावर पडून असली तरी ही कमाई थांबत नाही.

मात्र हा आधार ऐनवेळी दगा देऊ शकतो. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ सिंधुदुर्गाजवळून गेले. छपरे उडाली, माड आडवे झाले, वीज गेली. कोरोनाच्या निर्बंधांमुळे पर्यटक नव्हतेच. पाठोपाठ १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी लागली. जुलैअखेरीस कोल्हापुरात पंचगंगेचा महापूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्येही हेच झाले होते. ज्याच्या येण्यावर भिस्त, त्याच्याच घरात पाणी! त्यामुळे एकाच शहराच्या गिऱ्हाइकावर विसंबलेले पर्यटन हा अर्धाच आधार म्हणावा लागेल.

तो सगळ्यांपर्यंत पोहोचतो असेही नाही. किनाऱ्यालगत घर-जागा असलेल्याला खोल्या काढता येतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारा खलाशी किंवा मासळी सुकवून विकणारी बाई यांच्या वाट्याला फार तर हंगामी मजुरी येते. पर्यटक हौसेने रापणीच्या दोराला हात लावतात, फोटो काढतात; मासळीचा वाटा मात्र जाळ्यात काय आले यावरच ठरतो.

खोल्यांसाठी किनाऱ्यावरचे वाळूचे उंचवटे सपाट केले, तर पुढच्या उधाणाचा मार थेट वस्तीवर येतो. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी असलेल्या चिंचोळ्या देवबागात तर मागे सरकायलाही जागा नाही.