एन्फोर्सर (आइस हॉकी)

एन्फोर्सर म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या प्रोफेशनल आइस हॉकीतला असा खेळाडू ज्याचं मुख्य काम गोल मारणं नाही तर वचक ठेवणं असतं. आपल्या टीमच्या स्टारला समोरच्याने घाणेरडा हिट दिला, म्हणजे डोक्यात कोपर घातलं, पाठमोरा असताना बोर्डवर (रिंकभोवतीच्या कडक भिंतीवर) आपटलं किंवा गुडघ्यावर गुडघा मारला, की थोड्या वेळात हा माणूस बर्फावर उतरतो, ग्लोव्ह्ज खाली टाकतो आणि हिशोब चुकता करतो. नियमांच्या पुस्तकात अशी पोझिशन कुठेच नाही, कागदावर तो विंगर किंवा डिफेन्समनच असतो, पण त्याला टीममध्ये कशासाठी घेतलंय हे कोचला, प्रेक्षकांना आणि त्याला स्वतःला पक्कं माहीत असतं. ही नोंद मुख्यतः एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या लीगबद्दल आहे कारण ही प्रथा तिथेच रुजली आणि वाढली.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यासमोर येते म्हणून आधी एक गोष्ट सांगायला हवी, आइस हॉकीत धडक देणं हा फाउल नाही. ज्याच्याकडे पक (म्हणजे रबराची जाड चकती) आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडकून पकपासून दूर करणं याला बॉडीचेक म्हणतात आणि ते खेळाचं रीतसर कौशल्य आहे. पण स्केट्सवर दोघं जण ताशी ३० किलोमीटरच्या वर वेगाने येत असतात, भोवती कडक बोर्ड आणि काच असते, त्यामुळे चांगला हिट आणि घाणेरडा हिट यात कधी कधी फक्त हातभर अंतर आणि अर्ध्या सेकंदाचा फरक असतो. खांदा छातीवर लागला तर टाळ्या, तोच हनुवटीवर लागला तर स्ट्रेचर. एन्फोर्सरची सगळी गरज या अर्ध्या सेकंदातून निर्माण झाली.

मारामारी नेमकी कशी होते

बहुतेक खेळांत हात उचलला की मॅचमधून बाहेर, युरोपातल्या बहुतेक लीगमध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीतही तसंच आहे. एनएचएलने मात्र १९२२ मध्येच मारामारीला पाच मिनिटांची पेनल्टी ठरवली आणि ती आजपर्यंत चालू आहे. दोघंही भांडले की दोघंही पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतात, दोन्हीकडे माणसं सारखीच राहतात आणि खेळ पुढे चालू. म्हणजे मारामारीची किंमत लीगने इतकी कमी ठेवली की टीमला ती परवडायला लागली, माझ्या मते सगळ्याचं मूळ इथेच आहे.

जवळून बघितलं तर हे रस्त्यावरच्या भांडणासारखं अजिबात नसतं. बर्फावर पाय रोवता येत नाहीत म्हणून आधी डाव्या हाताने समोरच्याच्या जर्सीची खांद्यापाशी मूठ पकडायची, ती पकड हाच तोल, आणि मग उजव्या हाताने ठोसे. दोन लाइन्समन (रेफरीचे मदतनीस) बाजूला थांबून बघत राहतात, एक जण पडला किंवा दोघंही दमले की मगच मध्ये शिरतात. पडलेल्याला मारायचं नाही, पाठीमागून मारायचं नाही, ज्याला भांडायचंच नाही त्याच्या अंगावर जायचं नाही, तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, हे न लिहिलेले नियम, ज्याला तिथे सरळ ‘कोड’ म्हणतात. तिसऱ्याचं तर नियमातही आहे, त्याला मॅचबाहेर काढतात. जर्सी मागून पॅंटला पट्ट्याने बांधलेली असावी लागते कारण पूर्वी समोरच्याची जर्सी डोक्यावरून ओढून त्याला आंधळा करून मारायची पद्धत होती. सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं आणि मग एन्फोर्सर पेनल्टी बॉक्समध्ये बसून सुजलेल्या हाताकडे बघत असतो, कारण बरेचसे ठोसे गालावर नाही तर हेल्मेटवर बसतात आणि बोटांची हाडं तिथेच मोडतात.

वचकाचा काळ

१९७० च्या दशकात फिलाडेल्फिया फ्लायर्सनी दहशतीलाच डावपेच बनवलं. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या एका सीझनमध्ये ४७२ मिनिटं पेनल्टीत घालवली, तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही, आणि त्या टीमने १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप (एनएचएलची विजेतेपदाची ट्रॉफी) जिंकले. बाकीच्या टीम्सनी बघितलं की हे चालतंय, मग प्रत्येकाला आपला एक पैलवान हवासा झाला. ८० च्या दशकात एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकीसारखा सडपातळ खेळाडू इतका मोकळा खेळायचा, त्याला हात लावायची कुणाची हिंमत व्हायची नाही कारण बर्फावर डेव्ह सेमेंको आणि नंतर मार्टी मॅकसोर्ली असायचे. १९८८ मध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला ट्रेड केलं तेव्हा मॅकसोर्लीही त्याच सौद्यात सोबत गेला.

१९९२ मध्ये भांडण सुरू करणाऱ्याला जास्तीची पेनल्टी देणारा नियम कडक झाला. त्यावर तिथे अजून वाद चालतो, जुने खेळाडू म्हणतात की त्या नियमाने एन्फोर्सरचे हात बांधले आणि म्हणून घाणेरडे हिट वाढले, स्टारला मारून पळून जाणाऱ्याला आता कुणाची भीती उरली नाही. ऐकायला पटतं पण पुढे जे घडलं ते बघितलं की हा युक्तिवाद तितका टिकत नाही.

२००४: स्टीव्ह मूर

१६ फेब्रुवारी २००४ ला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हॅंकूव्हरचा कॅप्टन मार्कस नेसलंड याला हिट दिला. नेसलंडला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) झालं. रेफरीने पेनल्टी दिली नाही आणि लीगने तपासून सस्पेन्शनही दिलं नाही. व्हॅंकूव्हरचे खेळाडू उघडपणे बदल्याची भाषा करायला लागले. ८ मार्चला व्हॅंकूव्हरमध्ये पुन्हा मॅच होती, पहिल्याच पिरियडमध्ये व्हॅंकूव्हरचा मॅट कुक मूरच्या अंगावर गेला आणि मूर त्याच्याशी भांडला, म्हणजे कोडच्या हिशोबाने कर्ज तिथेच फिटलं होतं. पण तिसऱ्या पिरियडला व्हॅंकूव्हर भरपूर गोलने मागे पडलेलं असताना त्यांचा टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे फिरला, जर्सी ओढली, मूर वळेना तेव्हा मागून डोक्याच्या बाजूला ठोसा मारला आणि स्वतःच्या वजनासकट त्याला तोंडावर बर्फात दाबलं, वर बाकीचे येऊन पडले. मानेचे तीन मणके फ्रॅक्चर. मूर तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्यानंतर तो कधीच प्रोफेशनल खेळला नाही.

बर्टुझीने कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगवास झाला नाही, लीगने त्याला सस्पेंड केलं आणि मध्ये लॉकआउटमुळे (टीममालकांच्या टाळेबंदीमुळे) एक अख्खा सीझनच झाला नाही, मग २००५ मध्ये तो परत खेळायला लागला. मूरचा नुकसानभरपाईचा दावा २०१४ पर्यंत रखडला आणि शेवटी कोर्टाबाहेर मिटला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की बर्टुझी हा काही चौथ्या लाइनचा (सगळ्यात कमी वेळ खेळवल्या जाणाऱ्या गटातला) पैलवान नव्हता, तो भरपूर गोल करणारा स्टार होता. ‘आपल्या माणसाचा वचपा काढायचा असतो’ ही समजूत इतकी भिनलेली होती की एन्फोर्सर नसलेल्यांच्याही हातून ती असं काम करून घ्यायची.

त्याच्या चार वर्षं आधी, २१ फेब्रुवारी २००० ला, त्याच शहरात मॅकसोर्लीने (तेव्हा तो बोस्टनकडे होता) डोनाल्ड ब्रॅशेअरच्या कानशिलावर स्टिक मारली होती. ब्रॅशेअर मागे पडून त्याचं डोकं बर्फावर आपटलं. कोर्टाने मॅकसोर्लीला दोषी धरलं आणि ग्रेट्झकीचा तो बॉडीगार्ड एनएचएलमध्ये पुन्हा दिसला नाही.

शिस्त कोण लावतं

लीगची शिस्त पूर्वीपासून होती, फक्त ती एका माणसाच्या मर्जीवर चालायची. १९५५ मध्ये लाइन्समनला मारल्याबद्दल मॉंट्रियलच्या मॉरिस रिशारला लीगचा प्रेसिडेंट क्लॅरेन्स कॅम्पबेलने उरलेला सीझन आणि प्लेऑफ्स मिळून बाहेर बसवलं, त्यावर १७ मार्चला शहरात दंगल झाली, दुकानं फुटली.

आजची व्यवस्था आली ती एका हिटमुळे. ७ मार्च २०१० ला पिट्सबर्गच्या मॅट कुकने (हो, तोच २००४ वाला) बोस्टनच्या मार्क सव्हार्डला आंधळ्या बाजूने येऊन खांदा डोक्यात मारला. सव्हार्डचं करिअर त्या आणि पुढच्या कन्कशनने संपलं पण कुकला एका मॅचचंही सस्पेन्शन झालं नाही कारण खांद्याने डोक्यावर मारणं तेव्हाच्या नियमात बसत होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की सीझन चालू असतानाच नियम आला आणि तो पुढे रूल ४८ झाला, डोक्याला लक्ष्य करणारा हिट बेकायदेशीर. २०११ मध्ये डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी सुरू झालं, पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहॅन. त्याने एक चांगली गोष्ट केली, प्रत्येक सस्पेन्शनचा व्हिडिओ काढून हिट स्लो करून दाखवायचा आणि इथे डोकं आधी लागलं, इथे टाळता आलं असतं, असं समजावून सांगायचं. सस्पेन्शनच्या काळातला पगार कापून खेळाडूंच्याच मदतनिधीत जातो, पूर्वी सापडलेल्याला शिक्षा जास्त, आणि मोठ्या सस्पेन्शनवर त्रयस्थ आर्बिट्रेटरकडे अपील करता येतं. २०१५ मध्ये राफी टोरेसला ४१ मॅचेस, म्हणजे अर्धा सीझन मिळाला. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनला २० मॅचेस मिळाल्या, त्या अपिलात १४ वर आल्या.

पण जिथे ही शिक्षा लेचीपेची निघते तिथे मुठी लगेच परत येतात. ३ मे २०२१ ला याच विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या पालथ्या पडलेल्या खेळाडूला ठोसा मारला आणि आर्टेमी पनारिनला बर्फावर आपटून त्याचा सीझन संपवला, दंड झाला ५,००० डॉलर. रेंजर्सनी जाहीर पत्रक काढून लीगवर टीका केली तर त्यांना दंड २,५०,००० डॉलर! दोन दिवसांनी त्याच टीम्स पुन्हा भिडल्या तेव्हा पक खाली पडताक्षणी तीन जोड्या एकदम भांडायला लागल्या.

प्लेयर सेफ्टीचा सध्याचा प्रमुख जॉर्ज पॅरोस २०१७ पासून आहे आणि तो स्वतः एन्फोर्सर होता, २०१३ मध्ये एका भांडणात तोंडावर बर्फात पडून बेशुद्ध झाला होता. त्यामुळे त्याला त्या बर्फाची जाण आहे असं काही म्हणतात, काही म्हणतात त्यामुळेच तो मऊ आहे.

डेरेक बूगार्ड

बूगार्ड सस्कॅचेवानमधल्या छोट्या गावांत वाढला, वडील पोलीस. उंची ६ फूट ७ इंच. स्केटिंग जेमतेम, पण शाळकरी वयातच एका मॅचमध्ये समोरच्या टीमच्या बेंचवर घुसून मारामारी केली आणि ती स्काउट्सनी बघितली, तिथून त्याचं करिअर ठरलं. एनएचएलमध्ये २७७ मॅचेस, गोल फक्त ३. मिनेसोटाकडून तो खेळायचा तेव्हा तिथे लोक त्याच्या नावाने ओरडायचे. २००६ मध्ये त्याने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं फोडलं की धातूच्या प्लेट्स बसवाव्या लागल्या, आणि पुढच्याच सीझनला फेडोरुक त्याच टीममध्ये त्याचा सहकारी झाला.

हात, खांदे, पाठ, डोकं, सगळ्याला मार, त्यावर पेनकिलर्स, आणि त्यांची सवय लागली. २०१० मध्ये रेंजर्सनी ६५ लाख डॉलरचा करार केला, डिसेंबरमध्ये एका भांडणानंतर तो पुन्हा खेळलाच नाही. १३ मे २०११ ला दारू आणि ऑक्सिकोडोन (एक तीव्र पेनकिलर) एकत्र झाल्याने तो गेला, वय २८. घरच्यांनी मेंदू बोस्टन युनिव्हर्सिटीला दिला, त्यात सीटीई सापडलं, वारंवार डोक्याला मार बसून मेंदू झिजण्याचा आजार. त्याच उन्हाळ्यात रिक रायपिन (२७) आणि वेड बेलॅक (३५) हेही गेले, दोघंही याच कामाचे. त्याआधी २०१० मध्ये वारलेल्या बॉब प्रोबर्ट या एन्फोर्सरच्या मेंदूतही सीटीई निघालं होतं. २०१८ मध्ये लीगने शेकडो माजी खेळाडूंचा खटला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरला मिटवला, जबाबदारी मान्य न करता.

आता

२००८-०९ मध्ये सीझनला ७०० च्या वर मारामाऱ्या व्हायच्या, दहा वर्षांत त्या अडीचशेच्या आत आल्या. खेळ वेगवान झाला, टीमच्या एकूण पगारावर कॅप (मर्यादा) आली, फक्त भांडणाऱ्या माणसासाठी जागा अडवणं परवडेना. क्विबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ मध्ये भांडणाऱ्याला थेट मॅचबाहेर काढायचा नियम केला. टोरोंटो भागात आपली जी मराठी कुटुंबं पोरांना पहाटे रिंकवर नेतात त्यांच्यासाठी याहून कामाचा नियम २०१३ चा, हॉकी कॅनडाने ११-१२ वर्षांच्या गटातून बॉडीचेकच काढून टाकलं.

आणि तरी ३ एप्रिल २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये रेंजर्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्सच्या मॅचची सुरुवातच पाच भांडणांनी झाली, आठ जण बाहेर काढले गेले. मधोमध मॅट रेम्पी आणि कर्टिस मॅकडर्मिड एकमेकांना ठोसे मारत होते आणि अख्खं मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. रेम्पी तेव्हा २१ वर्षांचा होता.