आखाड्याचा हिशोब वहीत कसा आला

संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यातला कराटेचा वर्ग सुटतो आणि मुलं पायऱ्यांवर बसून शंभर पानी वह्या काढतात. पाच-सात मिनिटं कोणी बोलत नाही. परवा आठवीतल्या एका मुलीने तिची वही मला दाखवली. तारखेखाली लिहिलं होतं : ‘फ्रंट किक उजवा ४०, डावा ३०. डाव्याच्या वेळी खालची टाच उचलते. काता दोनदा, वळताना विसरली. उद्या डाव्यापासून.’ (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या कराटेच्या हालचाली.) तिला घ्यायला आलेले आजोबा तरुणपणी कुस्तीच्या दंगली खेळलेले. त्यांनी वही हातात घेतली, चार पानं उलटली आणि म्हणाले, “आमच्या येळी हे सारं वस्तादच्या डोक्यात राहे.”

शिकणाऱ्याचा हिशोब तेव्हाही ठेवला जात होता, पण तो वस्तादाकडे असायचा. तो शिष्याच्या हाती कसकसा आला, ते आजोबांच्या त्या बोलण्यापासून शोधत गेलो.

वऱ्हाडात आखाडा बहुधा मारुतीच्या देवळाला लागून. आपली काळी माती त्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात. म्हणून तांबूस, भुसभुशीत माती गाडीने आणायची, चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक मुरवायचं. पठ्ठ्यांनी पहाटे ती खणायची, मग दंड-बैठका, मग जोड. आकडा चुकू नये म्हणून शेजारी खडे मांडलेले असत. कुठे भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढत. मेहनत संपली की खडे पुन्हा ढिगात जायचे आणि पावसाळ्यात रेघाही धुऊन निघायच्या. उरायचं ते वस्तादाच्या ध्यानात : कोणाची मान कच्ची, धोबीपछाड मारताना कोणाचा गुडघा आधी टेकतो, कोणाच्या बैठका पोळ्यानंतर वाढवायच्या. नागपंचमीच्या दंगलीत कोणाची जोड कोणाशी लावायची, हेही तो याच आठवणीवर ठरवायचा. त्या नजरेबद्दल मला अतोनात आदर आहे. पण वस्ताद गेला की पंचवीस-तीस पोरांचा हिशोब त्याच्यासोबत जायचा, आणि त्याने स्वतः घासून बसवलेले बारकावेही जायचे. गावोगावच्या आखाड्यांतून असं किती गेलं, याचा विचार आला की जीव हळहळतो.

मल्लविद्येवर लिखाण नव्हतं, असं मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचा भाग आहे. वय, बांधा आणि बळ यांवरून मल्लांचे प्रकार, त्यांचा खुराक, त्यांची मेहनत हे सगळं त्यात येतं. डावांची नावंही येतात. डाव मारायचा कसा, ते मात्र सांगितलेलं नाही. ते वस्तादाने मातीत दाखवायचं. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्ल या पिढीजात मल्ल समाजाच्या ‘मल्लपुराणा’त आखाडा कसा तयार करावा, कोणत्या ऋतूत काय खावं, इथपर्यंत तपशील आहे. पण अमुक मल्लाचा आजचा दिवस कसा गेला, काय जमलं, कुठे अडलं, असं लिखाण या ग्रंथांत नाही.

जपानात ते सापडतं. तिथल्या तलवारीच्या घराण्यांत विद्या पुरी झाली की गुरू शिष्याला कागदाची गुंडाळी देई. तिच्यातही बहुतेक तंत्रांची नावंच असत, अर्थ तोंडी दिलेला असे. म्हणजे मल्लविनोदासारखाच प्रकार. पण १८५३ साली सागा संस्थानातला मुता बुन्नोसुके हा तरुण गावोगावच्या तलवारशाळांत जाऊन सराव करायला निघाला. १८५५पर्यंत तो फिरला आणि फिरताना रोज लिहीत गेला : कोणत्या गावी पोचलो, कोणत्या शाळेत कोणाकोणाशी खेळलो, समोरचा कसा वाटला, कोणी खेळायचं टाळलं. आज आमची मुलं पायऱ्यांवर बसून जे लिहितात, त्याच्या अगदी जवळचं हे लिखाण आहे.

आपल्याकडे आधी आले ते छापील आकडे. युजेन सँडो या युरोपातल्या नामांकित व्यायामपटूच्या १८९७च्या पुस्तकात कोणत्या वयाला कोणता व्यायाम किती वेळा करायचा आणि किती दिवसांनी वाढवायचा, याचे तक्ते होते. १९०४-०५मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करूनही गेला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराकडे वळण्याआधी याच सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. पुढे बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला आणि वस्तादाच्या तोंडी असलेली पुष्कळशी विद्या मराठीत छापून आली.

आमच्या भागात हे वारं आणलं अमरावतीने. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे मल्लखांब, कबड्डी अशा देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. परदेशवारीची ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला त्याहून मोठं वाटतं ते मंडळाच्या उन्हाळी वर्गांचं काम. ठिकठिकाणचे शिक्षक सुट्टीत तिथे येत, लाठी, लेझीम, कुस्ती क्रमाने शिकत आणि आपापल्या शाळेत परतत. क्रमाने शिकवायचं म्हणजे आज कोणता हात झाला नि उद्या कोणता घ्यायचा, हे मांडून ठेवणं आलंच. आखाड्यातली विद्या शाळेच्या टाचणात बसू लागली ती अशी.

रोजनिशीची सवय म्हटली तर तिचं घर वर्ध्याला आहे. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. आश्रमात राहणाऱ्याने रोज लिहावं, चूक झाली असेल तर तीही लिहावी, असा त्यांचा आग्रह असे. सूत किती कातलं, याचाही रोजचा हिशोब असे. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनी १९१७पासून १९४२पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, रोजनिशी लिहिली. चरख्याचा कुस्तीशी किंवा कराटेशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरीही किती कातलं हे आकड्यात सांगणं आणि धागा कुठे तुटला तेही न लपवणं, याच दोन गोष्टी सरावाच्या वहीत लागतात. आमच्या वर्गात सुरुवातीला मुलं नुसतं जमलेलं लिहायची. एका मुलाने महिनाभर ‘छान झाला सराव’ एवढंच लिहिलं होतं. त्याला म्हटलं, काय छान झालं नाही तेही लिही. त्याने विचारलं, “ते कायले लिवाचं? सर वाचतीन ना!” सर वाचणार म्हणून चूक लपवायची, ही शाळेत लागलेली सवय आहे. ती सुटायला दोन-तीन महिने जातात. वह्या तपासायच्या नाहीत, त्याने दाखवली तरच पाहायची, हे ठरवल्यावर खरं लिखाण सुरू झालं.

कराटेची स्वतःची वाटही शाळेतूनच गेलेली आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची कोदोकान शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोघा शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे वरच्या दर्जाची पहिली पायरी, दिला. कानो पेशाने शिक्षक. जपानच्या ओकिनावा बेटावर आंको इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये नेलं आणि १९०८ साली ते शाळांत का शिकवावं यासाठी दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. गिचिन फुनाकोशी हेही शाळामास्तरच. त्यांनी १९२२ साली टोकियोत कराटे दाखवलं आणि १९२४मध्ये ज्युदोच्या धर्तीवर पहिले काळे पट्टे दिले. पट्ट्यांच्या पायऱ्या आल्या, त्यामागे पाठ्यक्रम आला, परीक्षा आली. पुढच्या पट्ट्याला काय लागतं आणि आपण कुठवर आलो, याची नोंद शिष्याला आपसूकच ठेवावी लागली.

तरी खेड्यात वहीची खरी गरज कशामुळे पडली, असं विचाराल तर मी एसटीचं नाव घेईन. आखाड्याचा वस्ताद गावातच राहायचा. कराटेचे सर तालुक्याहून येतात, आठवड्यातून दोन दिवस, आणि शेवटची गाडी गाठायची म्हणून घड्याळ बघत शिकवतात. समग्र शिक्षा योजनेत शाळेतल्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण असतं, ते तीन महिन्यांचं. त्यानंतर प्रशिक्षक जातात आणि मुली तिथेच राहतात. मधल्या दिवसांत अंगणात एकटीनेच सराव करायचा. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीही विद्यार्थ्यांना आठवडाभर रोजनिशी लिहायला लावली होती. सरस विद्यार्थी एकट्याने आठवड्याला सुमारे २४ तास सराव करत होते, संगीतशिक्षक होऊ पाहणारे सुमारे ९ तास. आमच्या मुलींना २४ तास कुठून मिळणार? पण एकट्याने केलेल्या सरावावर पुढचं किती ठरतं, ते या आकड्यांत दिसतं, आणि तो सराव पाहायला कोणी नसतं. म्हणून वही.

आमच्या वह्यांत शेताचं वेळापत्रकही उतरतं. सोयाबीनची सोंगणी आली की नोंदी विरळ होतात. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापूस वेचणी लागली की काही पानांवर फक्त ‘वावरात’ एवढाच शब्द, सलग आठ-आठ दिवस. मी मुलांना सांगतो, ती पानं कोरी सोडू नका, वावरात तर वावरात लिहा. परतल्यावर किक ४०वरून २५वर आलेली असते. मागची पानं पाहिली म्हणजे पोराला कळतं की आपण काही आळशी झालो नाही, मध्ये वेचणी होती.

त्या आठवीतल्या मुलीच्या वहीत आता दुसऱ्या बाजूनेही लिखाण सुरू झालंय. वही उलटी धरून शेवटच्या पानापासून. रात्री जेवणं झाली की आजोबा सांगतात आणि ती लिहिते, त्यांच्याच बोलीत. पहिल्या पानावर धोबीपछाड आहे : ‘हात दोनी हातानं धराचा. पाठ फिरवाची. कंबर त्याच्या खाली घालाची. मंग खांद्यावरून वढाचा. गुडघा आधी टेकाचा नाई.’ शेवटच्या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ ओढली आहे आणि शेजारी काड्यांची दोन माणसं काढली आहेत, त्यातल्या एकाचा गुडघा खोडून पुन्हा काढलेला.