६७ एशिया

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य लघुग्रह पट्ट्यातला, सुमारे ५८ किलोमीटर व्यासाचा खडकाळ लघुग्रह. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून तो शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह होय.

पॉगसन त्याच वर्षी मद्रासला सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले होते. इंग्लंडमध्ये असताना आयसिस, एरियाड्नी आणि हेस्टिया हे तीन लघुग्रह त्यांच्या नावावर जमा झाले होते. छायाचित्रांवरून लघुग्रह शोधायला १८९१ मध्ये माक्स वोल्फ यांनी सुरुवात केली. तोवर सगळी भिस्त डोळ्यांवर आणि ताऱ्यांच्या नकाशावर होती. क्रांतिवृत्ताजवळचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाजवळचा) आकाशाचा एक तुकडा निवडायचा, दुर्बिणीत दिसणारा प्रत्येक तारा नकाशाशी ताडून पाहायचा, नकाशात नसलेला ठिपका आढळला की शेजारच्या ताऱ्यांपासून त्याचे अंतर सूक्ष्ममापकाने मोजायचे आणि दोनेक तासांनी तेच माप पुन्हा घ्यायचे. एशिया प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, वक्री असतो (ताऱ्यांमधून उलट दिशेने जातो) आणि दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे तासाला ३७ विकलांच्या आसपास (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), सरकतो. त्यामुळे दोन तासांत फरक कळतो. तो स्तंभी होण्याच्या, म्हणजे दिशा बदलताना थबकण्याच्या, बेतात असेल तर मात्र हालचाल जवळपास थांबते आणि लघुग्रह ताऱ्यात खपून जातो. याच्या उलट फसगतही होते: नकाशात राहून गेलेला तारा किंवा नुकताच उजळलेला रूपविकारी (तेज बदलत राहणारा) तारा नवा लघुग्रह वाटतो. पॉगसन रूपविकारी ताऱ्यांचेही जाणकार निरीक्षक होते. ताऱ्यांच्या लागोपाठच्या दोन प्रतींमधले (तेजाच्या पायऱ्यांमधले; आकडा मोठा तितके तेज कमी) तेजाचे २.५१२ हे गुणोत्तर १८५६ मध्ये त्यांनीच सुचवले.

ठिपका हलला, एवढ्याने शोध पुरा होत नाही. कक्षा हाती लागली नाही तर पुढच्या प्रतियुतीला तो शोधायचा कुठे? कक्षेचा आकार व स्थिती ठरवणारे घटक सहा असतात आणि एका वेधातून विषुवांश व क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) हे दोनच आकडे मिळतात, म्हणून किमान तीन वेध लागतात. १८०१ मध्ये सेरेस हा पहिला लघुग्रह हरवला, तेव्हा गणितज्ञ गाउस यांनी याच वाटेने तो परत मिळवून दिला. वेध अवघ्या काही रात्रींचे असतील तर मापातली विकलाभराची चूकही कक्षेचा आकार पार बदलते. काही आठवड्यांचे वेध असले की ती आटोक्यात येते. प्रकाशाच्या प्रवासाचा वेळही वजा करावा लागतो. सरासरी प्रतियुतीला तो १२ मिनिटांच्या घरात असतो.

एशियाच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (सूर्यापासूनचे सरासरी अंतर) २.४२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), विकेंद्रता (लांबटपणा) ०.१८५ आणि पृथ्वीच्या कक्षेशी कल सुमारे ६ अंश आहे. सूर्यापासूनचे त्याचे अंतर १.९७ ते २.८७ एककांपर्यंत बदलते. सूर्याभोवती एक फेरी ३.७७ वर्षांत होते, मंगळाच्या वर्षाच्या जवळजवळ नेमकी दुप्पट. गुरूच्या एका फेरीत तीन फेऱ्या करणाऱ्या वस्तूंची जागा, म्हणजे गुरूच्या ओढीने जवळपास रिकामी झालेली २.५० एककांवरची पोकळी, याच्या थोडी बाहेर आहे. एशिया तिच्या अलीकडे, पट्ट्याच्या आतल्या भागात, राहतो. प्रतियुती साधारण १६ महिन्यांनी येते. ती उपसूर्यबिंदूजवळ (कक्षेत सूर्याच्या सर्वांत जवळ) झाली तर त्याची प्रत १० च्या आसपास जाते, अपसूर्यबिंदूजवळ (सर्वांत दूर) १२ च्या. नुसत्या डोळ्यांनी तो कधीच दिसत नाही.

नाव दुहेरी अर्थाचे आहे. त्या काळी लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणांतल्या स्त्रियांची नावे देत. एशिया ही ग्रीक पुराणातली एक टायटन स्त्री, आणि शोध जिथून लागला तो खंडही तोच. रूढी न मोडता जागेची नोंद ठेवणारी ही निवड फार समर्पक वाटते. ६७ हा त्याचा अनुक्रमांक. आज असा क्रमांक कक्षा भरवशाची ठरल्यावरच मिळतो. तोवर शोधाचे वर्ष व पंधरवडा दाखवणाऱ्या तात्पुरत्या संज्ञेवर भागवावे लागते. त्यानंतर नाव सुचवण्याचा हक्क शोधकाकडे दहा वर्षे असतो.

एशिया स्वतःभोवती सुमारे १५.९ तासांत फिरतो. तीन फेऱ्या जवळजवळ दोन दिवसांत पुऱ्या होत असल्याने एकाच ठिकाणाहून एक दिवसाआड पाहिले तर तीच तीच बाजू समोर येते. संपूर्ण प्रकाशवक्र (फिरताना तेज कसे बदलते त्याचा आलेख) मिळवायला वेगवेगळ्या रेखांशांवरचे वेध जोडावे लागतात.