शरीराच्या लेखी कामाचा दिवस केव्हा संपतो?

काम आणि खासगी आयुष्य यांच्या समतोलाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तराजू येतो: एका पारड्यात कामाचे तास आणि दुसऱ्यात उरलेले. ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ मध्ये आठ तास काम, आठ तास विरंगुळा आणि आठ तास विश्रांती अशी दिवसाची वाटणी मांडली होती. तासांचे महत्त्व आजही नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. मात्र तास मोजून सगळा हिशेब लागत नाही, कारण आपल्या शरीरात काम संपल्याची नोंद घड्याळ पाहून होत नाही.

ती नोंद कशी होते, हे समजण्यासाठी ताणाचे रसायनशास्त्र पाहावे लागते. मेंदूला धोक्याची किंवा आव्हानाची चाहूल लागली की अधश्चेतक हा त्याचा छोटासा भाग एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे लगतची पीयूषिका ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की तेथून कॉर्टिसोल पाझरू लागते. कॉर्टिसोल रक्तातील साखर वाढवून स्नायूंना आणि मेंदूला इंधन पुरवते. ते शत्रू मुळीच नाही. रोज सकाळी जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी आपोआप वाढते आणि आपण दिवसाला सामोरे जाण्यास सज्ज होतो.

मला या यंत्रणेतील सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो ती थांबवण्याचा. कॉर्टिसोल रक्तावाटे मेंदूत परत येते आणि आपल्याच निर्मितीची आज्ञा मागे घ्यायला लावते. यासाठी मेंदूत, विशेषतः स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये, दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे संप्रेरक ज्यांना येऊन चिकटते असे पेशींतील रेणू, असतात, हे १९८५ मध्ये दाखवले गेले. पहिल्या प्रकारच्या ग्राहीची कॉर्टिसोलशी जुळण्याची ओढ दुसऱ्याच्या सुमारे दसपट असते. म्हणून पातळी कमी असतानाही पहिले ग्राही बहुतांशी भरलेलेच असतात आणि दुसरे रिकामे राहतात. पातळी पुरेशी चढली की दुसरेही भरू लागतात आणि अधश्चेतकाला आवर घालणारा संदेश जातो. दोन ग्राहींच्या ओढीतील या फरकामुळे मेंदूला नेहमीची पातळी आणि ताणाची पातळी वेगळी ओळखता येते. नवीन आज्ञा थांबल्यावर रक्तातील कॉर्टिसोल साधारण तास-दीड तासात निम्म्यावर येते.

अडचण अशी की ही साखळी प्रत्यक्ष घटनेवर अवलंबून नसून मेंदूने केलेल्या त्या घटनेच्या अंदाजावर अवलंबून असते. उद्याच्या बैठकीतील संभाव्य वाद मनात घोळवणे हेदेखील आज्ञा पुन्हा सुटण्यास पुरेसे ठरू शकते. खुर्चीतून उठलेला माणूस घरच्यांसोबत बसलेला असतो, पण त्याचा मेंदू अधूनमधून तीच कळ दाबत राहतो आणि पातळी खाली येण्याचा अवधी लांबत जातो. ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये अशी मांडणी केली की हानी एखाद्या तीव्र ताणापेक्षा न थांबणाऱ्या प्रतिसादाच्या साचत गेलेल्या ओझ्याने होते. रक्तदाब, झोप आणि प्रतिकारशक्ती या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

‘कॉर्टिसोल उतरवणारी’ पेये आणि भुकट्या विकणारे लोक नेमकी हीच गोष्ट लपवतात. दिवसभर चढ-उतार होणाऱ्या संप्रेरकाचे एका वेळचे मोजमाप कामाच्या ताणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि मेंदूचा अंदाज तसाच राहिला तर ती आज्ञा पुन्हा पुन्हा सुटू शकते.

मग तो अंदाज कशाने बदलतो? अपुरी कामे मनात डोकावत राहतात, हे आपण सर्वजण अनुभवतो. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवले की काम पूर्ण झाले नसले, तरी ते केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना ठरवल्यास हे डोकावणे बरेच कमी होते. त्यानंतर २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झोपेच्या प्रयोगशाळेत एक अभ्यास झाला. काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांत करायची कामे लिहिली, तर काहींनी पूर्ण झालेली कामे लिहिली. पहिल्या गटाला सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. अभ्यास लहान आहे आणि दिवसाला बारा तास काम करणाऱ्याच्या प्रश्नाला यादी हे उत्तर नव्हे. तरीही त्यातील एक निरीक्षण मला फार बोलके वाटते: पुढची कामे लिहिणाऱ्यांची यादी जितकी सविस्तर होती, तितकी त्यांना झोप लवकर लागली.