अवशिष्ट प्रतिबल व पृष्ठदोष तपासणी, हेलिकॉप्टरच्या धातूभागांची

बाहेरचा भार काढून घेतल्यावरही धातूत शिल्लक राहणारे प्रतिबल (आतला ताण वा दाब) म्हणजे अवशिष्ट प्रतिबल. हेलिकॉप्टरचा रोटर-दंड, हब व दंतपेटीतील चक्रे यांवरील भार प्रत्येक फेऱ्यागणिक बदलतो. शिणवट्याची, म्हणजे वारंवार बदलत्या भाराने पडणारी, चीर बहुधा ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा ग्राइंडिंगमध्ये भाजलेली जागा इथून निघते. पृष्ठभागात संपीडन (दाबाचे प्रतिबल) साठवलेले असल्यास चिरेला तोंड उघडणे अवघड जाते. कार्ब्युरायझिंग (पोलादाच्या पृष्ठात कार्बन मुरवणे) व शॉट पीनिंग (पृष्ठावर बारीक गोळ्यांचा मारा करणे) करतात ते यासाठीच.

शॉट पीनिंगच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये ई. जी. हर्बर्ट यांनी १९२७ च्या सुमारास पोलादी गोळ्यांच्या वर्षावाने पृष्ठभाग कठीण करून दाखवला. मात्र शिणवट्याविरुद्धचा मोजूनमापून केलेला वापर जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यांच्या कामातून रुळला, असे मानणे अधिक सयुक्तिक. माऱ्याची तीव्रता अजूनही आल्मेन पट्टीला, म्हणजे त्याच माऱ्याखाली धरलेल्या पातळ पोलादी पट्टीला, आलेल्या बाकावरूनच ठरवतात.

चिरा शोधण्यासाठी चुंबकीय कण, झिरपणारे चमकते रंगद्रव व आवर्त प्रवाह (धातूत प्रेरित केलेले भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह) या पद्धती रूढ आहेत. प्रतिबल मोजण्यासाठी क्ष-किरण विवर्तन वापरतात: भाग वेगवेगळ्या कोनांत कलवून स्फटिक-प्रतलांमधील अंतर मोजायचे आणि त्यातील बदलावरून प्रतिबल काढायचे. पण नेहमीच्या वापरातले क्ष-किरण पोलादात काही मायक्रोमीटरच शिरतात. त्याखालचे कळायचे तर विद्युत्-रासायनिक रीतीने थर उतरवावा लागतो, आणि मग तो भाग पुन्हा उड्डाणाला लावता येत नाही. बार्कहाउझेन परिणामावर (१९१९; लोहचुंबकी धातूचे चुंबकन धक्क्याधक्क्यांनी बदलणे) आधारलेली चाचणी भाग न खरवडता थोडी अधिक खोलीपर्यंत जाते. परंतु ती कठीणपणालाही प्रतिसाद देते आणि टायटॅनियम वा ॲल्युमिनियमवर चालत नाही.

पृष्ठाखालचे सहज न कळण्याच्या मर्यादेची सर्वांत वेदनादायक साक्ष नॉर्वेतील तुरेय येथे मिळाली. २९ एप्रिल २०१६ रोजी एच२२५ हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच सुटला. १३ जण दगावले. दंतपेटीतील ग्रह-चक्राच्या (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्राच्या) आतील बेअरिंग-पृष्ठावरच्या सूक्ष्म खड्ड्यातून निघालेली चीर पृष्ठाखालून वाढत गेली होती. तेलात धातूचे कण फारसे पडले नाहीत, म्हणून कणशोधकाने इशारा दिला नाही. ही दंतपेटी आधी रस्ते-वाहतुकीत अपघातग्रस्त झाली होती. काहींनी चिरेचे मूळ तिथे पाहिले, पण तसा भौतिक पुरावा तपासात आढळला नाही. शिवाय २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ एएस३३२ एल२ जातीच्या हेलिकॉप्टरचा (१६ मृत्यू) घात अशाच चक्राने झाला होता, हे लक्षात घेता दोष रचनेत शोधणे योग्य वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय नियामकाने अपघातानंतरची उड्डाणबंदी उठवताना जास्त प्रतिबल सोसणाऱ्या बनावटीची चक्रे काढायला लावली, उरलेल्यांचे सेवा-आयुष्य घटवले आणि तेलातील कणांची तपासणी अधिक वारंवार केली.