आधी टाके, मग चित्र: अपघातातल्या अँजिओग्राफीची पार्श्वभूमी

गुडघा निखळलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की जाणते डॉक्टर आधी त्याच्या पावलावरची नाडी चाचपतात. गुडघ्यामागून जाणारी धमनी सांध्याच्या वर आणि खाली जखडलेली असते. सांधा सरकला की ती ताणली जाते, आतलं अस्तर फाटतं आणि तिथेच गुठळी धरते. बाहेरून जखम दिसेलच असं नाही. साधारण सहा तासांत रक्तपुरवठा परत सुरू झाला नाही, तर पाय वाचण्याची आशा झपाट्याने मावळते. म्हणून शंका आली की सीटी अँजिओग्राफी करतात, म्हणजे रक्तात डाय (क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य) सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात. आपल्याकडे अँजिओग्राफी म्हटली की हृदयच आठवतं. जखमी हातापायांसाठी ती वापरात यायला मात्र बराच काळ जावा लागला.

उशीर फक्त तंत्राचा नव्हता. राँटगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर 1895मध्ये, आणि जानेवारी 1896मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका कापलेल्या हाताच्या धमन्यांचं चित्र काढलं. चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण धमन्यांत भरून हात 57 मिनिटं किरणांखाली ठेवावा लागला. मृत हात हलत नाही, म्हणून हे जमलं. जिवंत माणसाला असं मिश्रण देणं शक्यच नव्हतं, त्यामुळे पुढची तीस वर्षं सहन होईल असा डाय शोधण्यात गेली. 1927मध्ये लिस्बनला एगास मोनिझ या मेंदूविकारतज्ज्ञाने सोडियम आयोडाइड वापरून मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. त्याआधी स्ट्राँशियम ब्रोमाइडचा प्रयोग एका रुग्णाच्या जिवावर बेतला होता. नंतर आलेलं थोरोट्रास्ट हे द्रव्य चित्राला झकास आणि टोचताना निरुपद्रवी वाटे. पण त्यातलं थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात कायमचं साठून राही आणि कित्येक वर्षांनी कर्करोग उभा करी.

म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी धमनीचं चित्र काढता येत होतं. पण काढून करायचं काय? डीबेकी आणि सिमिओन या अमेरिकी शल्यविशारदांनी 1946मध्ये अमेरिकी सैनिकांच्या 2,471 धमनी-जखमांचा हिशेब मांडला. त्यांतल्या फक्त 81 धमन्या शिवण्याचा प्रयत्न झाला होता. बाकी बहुतेक धागा बांधून बंद करून टाकल्या, आणि एकूण जखमींपैकी जवळपास 40 टक्क्यांचा हात किंवा पाय कापावा लागला. दोष शल्यविशारदांच्या हाताचा नव्हता. जखमी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत तास उलटून गेलेले असत. पुढे कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, धमनी शिवणं रुळलं आणि हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास उतरलं. माझ्या मते इथेच खरा सांधा बदलला. धमनी शिवता येते म्हटल्यावर ती नेमकी कुठे फाटलीय, या प्रश्नाला अर्थ आला.

त्याच सुमारास, 1953मध्ये, स्टॉकहोमच्या सेल्डिंगरने सुईची अडचण सोडवली. तोवर डाय सोडायची नळी (कॅथेटर) सुईच्या आतून धमनीत सरकवत, त्यामुळे बारीक नळीलाही जाड सुई लागे. सेल्डिंगरने सुईतून तार आत सोडली, सुई काढून घेतली आणि तारेवरूनच नळी ओवली. नळी भोकात घट्ट बसते, रक्त झिरपत नाही, आणि मांडीतून शिरून हव्या त्या धमनीपर्यंत जाता येतं.

डोक्याच्या जखमांत मोनिझच्या वारशाचा उपयोग आधीच सुरू होता. सीटी स्कॅन येण्यापूर्वी कवटीतली रक्ताची गाठ थेट दिसत नसे. मग मानेतल्या धमनीत डाय टोचून मेंदूच्या वाहिन्या जागच्या हलल्या आहेत का ते पाहत. वाहिन्या कवटीपासून आत ढकललेल्या दिसल्या, की मधल्या रिकाम्या पट्ट्यात रक्त साचलंय असा तर्क. 1970च्या दशकात सीटी आला आणि ही पद्धत मागे पडली.

हातापायांच्या बाबतीत मात्र त्याच काळात अँजिओग्राफीचा अतिरेक झाला. गोळी किंवा सुरा मोठ्या धमनीजवळून गेला असेल, तर पूर्वी जखम उघडून बघत. त्याऐवजी आता सरसकट अँजिओग्राफी होऊ लागली, आणि बहुतेकांच्या धमन्या ठणठणीत निघू लागल्या. 1990च्या आसपास फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की नीट केलेली तपासणी बरंच काही सांगते. उसळून रक्त येतंय, सूज वाढतेय, नाडी नाही, जखमेवर ठेवलेल्या हाताला थरथर लागते: अशी ठळक लक्षणं असतील तर बहुतेकदा थेट ऑपरेशन थिएटर गाठावं, चित्रासाठी वेळ दवडू नये. 1991मध्ये सिएटलहून आणखी सोपा उपाय आला. जखमी पायातला रक्तदाब भागिले चांगल्या हाताचा रक्तदाब, उत्तर 0.9पेक्षा कमी आलं तरच पुढची तपासणी. बीपीचा पट्टा आणि डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) एवढ्यावर काम भागतं. इतकी स्वस्त युक्ती एवढ्या उशिरा का सुचली, याचं नवल वाटतं.

नळीला मात्र दुसरं काम मिळालं होतं. कंबरेचं हाड मोडल्यावर आत होणारा रक्तस्राव ऑपरेशनने थांबवणं फार अवघड. पोट उघडलं की साचलेल्या रक्ताचा दाब सुटतो आणि रक्त आणखीच वाहतं. 1972मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांत नळी थेट धमनीच्या रक्त वाहणाऱ्या फांदीपर्यंत नेली आणि रुग्णाच्याच रक्ताच्या गुठळ्या सोडून ती बुजवली. 1980च्या दशकात फाटलेली प्लीहा काढून न टाकता वाचवण्यासाठी हाच मार्ग वापरात आला.

निदानाचं काम मग सीटीने घेतलं. 1998च्या सुमारास एका फेरीत शरीराच्या अनेक कापांची चित्रं घेणारी यंत्रं आली आणि हाताच्या शिरेत डाय देऊन सगळ्या पायाच्या धमन्या काही सेकंदांत दिसू लागल्या. छऱ्यांच्या बंदुकीने जखमी झालेल्यांत मात्र अजून पंचाईत होते. शरीरातल्या शिशाच्या छऱ्यांमुळे सीटीच्या चित्रात चट्टेपट्टे उमटतात, नेमकी हवी ती धमनी झाकली जाते, आणि पुन्हा मांडीतून नळी घालावी लागते.