अळीव, अशोकाची साल आणि नखं कापलेल्या चार बायका

मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं की घरात आधी डबे घासले जातात. डिंक निवडायचा, खारकांच्या बिया काढायच्या, खोबरं किसून परतायचं, अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घालायचे. डिंक तुपात सोडला की एकेक खडा टरारून फुलतो आणि पांढरा होतो. आत कच्चा राहिला तर लाडू खाताना दाताला चिकटतो, म्हणून घाई न करता थोडा थोडाच तळायचा. आईच्या हाताखाली हे शिकताना मला प्रत्येक गोष्ट ‘पूर्वापार’ आहे असंच सांगितलं गेलं. पुढे वैद्यकाचे जुने ग्रंथ वाचायला घेतले आणि या ‘पूर्वापार’ शब्दाखाली किती थर आहेत ते कळत गेलं.

अळीवच घ्या. ही वनस्पती इराण आणि आसपासच्या मुलखाकडची. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात ती ‘चंद्रशूर’ या नावाने भेटते. मेथी, अळीव, काळं जिरं आणि ओवा या चार बियांना तिथे ‘चतुर्बीज’ म्हटलंय. आजही बाळंतिणीच्या खोलीतल्या डब्यांमध्ये यांतल्या तीन तरी सापडतीलच. खारीक अरबस्तानातून गलबतांनी आली. ज्या बाजरीच्या भाकरीशिवाय देशावर बाळंतिणीचं ताट पुरं होत नाही, ती बाजरी मुळात आफ्रिकेतली. आणि पपई? ‘गरोदरपणी पपईला हात लावू नको’ हे जणू ऋषिमुनींनी सांगून ठेवलंय अशा खात्रीने बजावलं जातं. पण पपई अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. चरकाने किंवा सुश्रुताने ती पाहिलेलीच नाही. पपईबद्दलचा सावधपणा बायकांनीच नंतर अनुभवातून जोडला आणि त्यात थोडं तथ्यही आहे. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, पिकलेल्या पपईच्या रसाने तसं होत नाही, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे आपली परंपरा बंद पेटीतली नव्हती. दाराशी आलेली नवी वस्तू ती चाखून बघत होती, घेत होती, नाकारत होती. मला तिचा अभिमान वाटतो तो यासाठी.

मग ग्रंथांत नेमकं काय होतं? चरकसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीर आणि गर्भ यांवरच्या भागात, गर्भिणीचा महिन्यावार आहार दिलाय. पहिल्या महिन्यात साधं दूध, दुसऱ्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेलं, म्हणजे ती घालून उकळलेलं दूध, तिसऱ्यात दुधाबरोबर मध आणि तूप, चौथ्यात दूध-लोणी, पुढे तूप, आठव्यात दुधातली पेज आणि वर तूप. सगळा भर पचायला हलक्या, स्निग्ध अन्नावर. प्रसूतीनंतर पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण घालून तूप किंवा तेल प्यायला द्यावं, पोटाला तेल-तूप चोळून मोठ्या कापडाने ते गुंडाळावं, भूक लागली की पेज द्यावी, असा क्रम आहे. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात ते हेच. सुश्रुताने ‘सूतिका’ हे नाव दीड महिना लावलंय, आणि काहींच्या मते पाळी परत सुरू होईपर्यंत. आपला सव्वा महिना त्याच जातकुळीतला.

बाळंतिणीला दीड महिना कोणी कामाला जुंपू नये, तिला गरम, ताजं, पोटभर मिळावं, तिच्या अंगाला कुणाचा तरी हात लागावा. या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोलाचा भाग मला हा वाटतो. यात कुठलीही जादूची मुळी नाही. आहे ती सवड आणि अन्न.

काश्यपसंहितेत सूतिकेच्या आजारांवर वेगळं प्रकरण आहे. बाळंतिणीचे उपचार देशाप्रमाणे आणि कुळाप्रमाणे बदलतात, हे त्या ग्रंथाने मान्य केलंय. हा ग्रंथ कित्येक शतकं हरवलेला होता. नेपाळात त्याचं अपुरं हस्तलिखित मिळालं आणि १९३८ मध्ये तो छापला गेला.

सुश्रुताच्या शारीरस्थानात एक ओळ आहे, ती वाचून मी थबकले होते. प्रसूतीच्या वेळी चार बायका जवळ असाव्यात. त्या विश्वासातल्या हव्यात, वयाने प्रौढ हव्यात, बाळंतपणात कुशल हव्यात, आणि ‘कर्तितनखाः’, म्हणजे नखं कापलेल्या. जंतूंची कल्पनाही नसताना कुणीतरी पाहिलं होतं की वाढलेली नखं बाळंतिणीला भोवतात.

ही ओळ पुढे घरोघर पोचली नाही, हे या इतिहासातलं मोठं दुःख. सोवळ्या-विटाळाने बाळंतिणीची खोली घरातली सर्वांत अंधारी आणि कोंदट खोली करून टाकली. सुईणीचं काम जातीच्या उतरंडीत खाली ढकललं गेलं. जिच्या हातात दोन जीव, तिला ना शिक्षण ना मान, आणि वर तिच्यावरच दोष. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दारं-खिडक्या बंद. बडीशेपेच्या भावंडाला आपण ‘बाळंतशेपा’ म्हणतो, इतकं ते या खोलीशी जोडलेलं. धुरीने खोलीला वास चांगला येई, पण न धुतलेल्या हातांनी आणि नाळ कापायच्या विळ्याने आलेला ताप तिने कसा थांबणार? ‘बाळंतरोगाने गेली’ हे वाक्य आपल्या पणज्यांच्या पिढीतल्या कितीतरी घरांत सापडतं.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतः सोसलेल्या बाईने जुन्या ग्रंथांकडे नव्या शास्त्राच्या दारातून पाहिलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, बावीस वर्षांच्याही नव्हत्या. १८८६ मध्येच मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, बायकांसाठी आणि बाई डॉक्टरांच्या हातचं. पुरुष डॉक्टरसमोर तोंडही न उघडणाऱ्या बायकांसाठी ते किती मोठं होतं, याची आज कल्पना येणार नाही.

एकीकडे रुग्णालय आलं, तर दुसरीकडे बाटली. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा कारखाना उभा राहिला आणि हळूहळू वैद्याच्या घरी उकळणारे काढे तयार मिळू लागले. बाळंतकाढ्याच्या बाटल्यांवर नंबर आले, नंबर एक पहिल्या दिवसांचा, नंबर दोन त्यापुढचा. सोय झाली, ती नाकारायचं कारण नाही. पण वैद्य आधी बाईला बघायचा आणि मग काढा ठरवायचा. बाटली दुकानातून आणायला कुणी कुणाला बघावं लागत नाही.

अशोकाच्या सालीचं हेच झालं. चरकाने अशोक वेदना शमवणाऱ्या द्रव्यांत घातलाय. अंगावरून फार रक्त जाण्यावर तो पुढच्या ग्रंथांत ठळक होतो. अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात सालीने सिद्ध केलेलं दूध गार करून द्यायला सांगितलंय. आज घरोघरी माहीत असलेलं अशोकारिष्ट बंगालच्या गोविंददासांच्या भैषज्यरत्नावलीतून आलं, म्हणजे चरकाच्या मानाने अगदी अलीकडचं. सालीचा काढा, गूळ, धायटीची फुलं, जिरं, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा, चंदन हे सारं तोंड बंद करून महिनाभर आंबवायचं.

बाटलीत साल कुठली हा आणखी एक प्रश्न. कुंपणाशी सरळसोट वाढतो आणि ज्याची पानं आपण तोरणाला लावतो, तो आसोपालव. औषधाचा तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचे घोस येणारा. आसोपालवाची साल अशोकाची म्हणून विकली जाते हे वनस्पती तपासणाऱ्यांना नेहमी आढळतं. खरा अशोक सालीपायी इतका सोलला गेलाय की जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर कायदा आला. पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे विकार, वंध्यत्व यांवर औषधाची जाहिरात करायला त्याने बंदी घातली. औषधावर नव्हे, जाहिरातीवर. लाजेपोटी गप्प बसणाऱ्या बाईला फसवणं फार सोपं असतं, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

ती लाज किती खोल होती ते गडचिरोलीत आकड्यांत आलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, सरासरी एकीला तीनहून जास्त. याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच म्हणून त्या वर्षानुवर्षं काम करत राहिल्या होत्या. पांढरं जाण्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, कधी गर्भाशयमुखाचा आजारही असतो, आणि कुठला ते पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याला घरच्या कुठल्याही काढ्यावर थांबवून ठेवू नये. तो कॅन्सरचा इशारा असू शकतो.

खाण्याचंही तसंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अळिवाच्या खिरीतून लोह मिळतं, पण वनस्पतीतलं लोह अंगाला कमी लागतं. वर लिंबू पिळलं तर जास्त, लगेच चहा घेतला तर आणखी कमी. म्हणून खीरही द्यावी आणि गोळीही. आमच्याकडे मागच्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांच्या डब्यावरच लोहाच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलेलं असायचं, म्हणजे लाडू काढताना गोळी विसरली जायची नाही.